टाकलंय की ठेवलंय

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी ज्या खुर्चीत बसून चहा प्यायले, ती खुर्ची एका दंतवैद्याच्या फाटकाबाहेरून उचलून आणलेली होती, हे मला दुपारी कळलं. माझ्या आत्तेसासूबाई, म्हणजे नवऱ्याच्या आत्या, केर काढत होत्या. त्या त्याला म्हणाल्या, "जरा दंतवैद्यांना भिंतीकडे सरकव." मी चटकन पदर-बिदर सावरून दाराकडे बघितलं. कुणीच आलं नव्हतं. नवऱ्याने खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

मग एकेकाची ओळख होत गेली. पुस्तकांची मांडणी म्हणजे वकीलसाहेब. आरसा म्हणजे कोपऱ्यावरच्या मोठ्या बाई. त्यांची एक कड उडालेली होती, म्हणून त्यांना पुसताना जपून. टेबलावरचा दिवा म्हणजे मास्तर. जेवायच्या टेबलाचे पाय एका घरातून आलेले आणि वरची फळी दुसऱ्याच घरातून, म्हणून त्याला व्याही म्हणत. दोघांचं पुरतं जमलेलं नव्हतं. भाताचं पातेलं जरा जोरात ठेवलं की व्याही कुरकुरायचे.

मी वाढले त्या घरात रस्त्यावरची वस्तू नुसती हातात घेतली तरी आई साबणाने हात धुवायला लावायची. त्यामुळे सुरुवातीला मी जिथे तिथे अंग चोरूनच बसत होते. आत्यांच्या ते लक्षात आलं असणार. एका रविवारी त्यांनी दंतवैद्यांना निळ्या जाड कापडाची नवी गादी शिवून घातली आणि ती खुर्ची माझ्या जागेवर ठेवून दिली.

आत्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईत कामाला होत्या. तळघरात, जिथे भिंतींना सतत घाम फुटलेला असतो आणि यंत्रांच्या आवाजात बोलायचं तर कानाशी जावं लागतं. चादरी धुऊन, वाळून आल्या की दोघी दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या. त्या कामाची त्यांना इतकी सवय झाली होती, की घरीही कुठलं मोठं कापड दिसलं की त्याची दोन टोकं समोरच्याच्या हातात द्यायच्या आणि बोलत बोलत मागे मागे सरकायच्या. नवऱ्याच्या पगाराबद्दलची आमची पहिली गंभीर चर्चा मी पलंगपोसाची दोन टोकं धरून केली.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायच्या, दूध आणायचं राहून जावं तसं. भाऊ आणि वहिनी दोघंही आजारपणात पाठोपाठ गेले, तेव्हा माझा नवरा नुकता अक्षरं जुळवायला शिकला होता. आत्या कामगार बायकांच्या वसतिगृहात राहायच्या. एक पेटी घेऊन त्या भावाच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. घरातलं विकण्यासारखं सगळं औषधपाण्यात गेलेलं होतं. पोरगं फरशीवर पालथं पडून अभ्यास करायचं.

त्या गावात मोठं सामान उचलायला पालिकेची गाडी शनिवारी यायची. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी लोक नको असलेल्या वस्तू फाटकाबाहेर आणून ठेवत. आत्यांची सुट्टीही शनिवारची. अशाच एका शनिवारी एका बंगल्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं लहान मुलाचं लिहायचं टेबल त्यांना दिसलं. एक खण नव्हता, बाकी धडधाकट. आत्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. न विचारता नेलं तर ती चोरी होते का, हेच त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी घंटी वाजवली.

बाई बाहेर आल्या. आत्यांनी विचारलं. बाई ओशाळल्या, म्हणाल्या, घ्या की, विचारताय काय. पण एवढ्यावर ते थांबलं नाही. बाईंनी नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याने येऊन मुलगा कितवीत आहे, वडील काय करतात, हे विचारलं. शेजारच्या गच्चीतून कुणीतरी वाकून पाहिलं. बाई आत जाऊन जुन्या कपड्यांची पिशवी घेऊन आल्या, आणि मुलाला चांगलं शिकवा, असंही सांगितलं. आत्यांनी ते टेबल डोक्यावर घेऊन घर गाठलं, पण वाटेत त्यांना कुणीतरी आपल्याला ओल्या फडक्याने पुसल्यासारखं वाटत होतं. पिशवी त्यांनी उघडलीच नाही. धुलाईतल्या एका नव्या मुलीला देऊन टाकली. पुढे कधी त्या बाई रस्त्यात भेटल्या, की मोठ्या मायेने विचारायच्या, टेबल वापरात आहे ना? आणि आत्यांना हो म्हणून हसावं लागायचं.

त्या दिवशी कळलेली गोष्ट त्यांनी मला पुढे कितीदा तरी सांगितली. मागून घेतलं की उपकार होतो, आणि मग तो देणाऱ्यालाही सांभाळत बसावा लागतो. गुपचूप उचललं की चोरी केल्यासारखं वाटतं. मधली वाट आपणच शोधायची.

त्यांची मधली वाट अशी होती. जायचं ते चांगल्या उजेडात. वस्तूपाशी उभं राहायचं, तिच्यावर हात ठेवायचा आणि घराकडे बघायचं. रोखून नाही, बस येते का बघतो तसं. पडदा हलला किंवा कुणी दिसलं, तर मान जराशी वाकवायची. आतल्याचा विचार बदलला असेल तर तो बाहेर येतो. नाहीतर पडदा पुन्हा जागेवर पडतो. पडला की वस्तू आपली. मग देणाऱ्याने दिलं नाही आणि घेणाऱ्याने मागितलं नाही.

बाकीचं त्यातूनच येत गेलं. गाठ मारलेली पिशवी सोडायची नाही. गाठ मारली याचा अर्थ माणसाला ते कुणी बघायला नको आहे. एका फाटकाशी लागोपाठच्या शनिवारी थांबायचं नाही, घरातल्यांना आपण कुणाला तरी पोसतोय असं वाटायला लागतं. उचलल्यावर खालची माती, काटक्या बाजूला सारायच्या. आणि कुणाच्या टाकलेल्या वस्तूंवरून त्या घरात काय चाललंय हे कळलं, तरी ते तोंडातून बाहेर काढायचं नाही. आत्यांना त्या रस्त्यावरची निम्मी आजारपणं आणि बरीचशी भांडणं ठाऊक असावीत. आम्हाला त्यातलं एक अक्षर कधी कळलं नाही.

खणात काही सापडलं तर मात्र ते परत जायचं. त्यांचं म्हणणं, माणूस खण टाकतो, खणातलं विसरतो. एकदा पलंगाशेजारच्या छोट्या टेबलाच्या खणात रुमालात गुंडाळलेली कवळी निघाली. आत्या घाबऱ्याघुबऱ्या परत गेल्या. ते आजोबा सकाळपासून काय खात असतील, हीच काळजी. फाटकावरच्या पत्रपेटीत त्यांनी कवळी स्वच्छ कागदात बांधून टाकली आणि लगबगीने निघून आल्या. नंतर कधीतरी त्याच घराबाहेर एक स्टूल होतं. धुऊन पुसलेलं, आणि त्याचे निघालेले स्क्रू छोट्या डबीत घालून ती डबी पायाला बांधलेली. आत्या ते स्टूल घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा होता. ठेवणाऱ्यांचीही एक रीत असते, म्हणाल्या, ती फार कमी लोकांना येते.

ती न येणारेही होतेच. एक गृहस्थ टाकायच्या आधी आरशावर हातोडी मारायचे. दुसऱ्या एकांनी चांगल्या गादीवर बादलीभर पाणी ओतलेलं आत्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आपल्याला नको ते दुसऱ्याच्याही कामाला येऊ नये, यासाठी माणूस एवढे कष्ट घेतो, हे त्यांना पचायचं नाही. आत्यांच्या तोंडून मी शिवी ऐकली ती त्या गादीच्या वेळेला.

पंखेवाल्यांची आणि त्यांची ओळख झाली ती एका कपाटावरून. माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधीची गोष्ट, पण मी ती दोघांच्याही तोंडून ऐकली आहे आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही. लहानसं दोन दारांचं कपाट होतं, एका दाराला जाळी. आत्यांनी या बाजूने हात ठेवला आणि घराकडे बघण्यासाठी मान वर केली, तर दुसऱ्या बाजूनेही एक हात ठेवलेला. हात एका उंच, किंचित वाकलेल्या माणसाचा. शर्टाच्या खिशात टेस्टर. तोही घराकडेच बघत होता.

आत्यांनी हात काढला आणि म्हटलं, तुम्ही घ्या. ते म्हणाले, छे, तुमचा हात आधी होता. आत्या म्हणाल्या, नुसता टेकला होता. त्यांनी सांगितलं, मला काय, तारा ठेवायच्यात, त्या खोक्यातही राहतात. आत्या म्हणाल्या, कपडे काय, दोरीवरही राहतात. होता होता दोघांनाही त्या कपाटाची काहीच गरज नाही, असं सिद्ध व्हायची वेळ आली. ऊन लागत होतं, म्हणून हा निकाल लावायला दोघं चार पावलं पलीकडे सावलीत गेले. तेवढ्यात भंगाराचा हातगाडीवाला आला. तो घराकडे बघण्याच्या भानगडीत पडला नाही. कपाट आडवं करून गाडीवर चढवलं आणि निघून गेला. खिडकीतला पडदा हलत होता. घरातली बाई तोंडावर हात ठेवून हसत होती.

दोघं गाडीकडे बघत राहिले. मग ते गृहस्थ म्हणाले, "ताई, पुन्हा भेट झाली तर निदान नीट भांडू."

तिथून ते जमलं. त्यांनी आयुष्यभर पंख्यांच्या कारखान्यात तांब्याची तार गुंडाळायचं काम केलं होतं. आता कारखाना सुटला होता, बायको गेली होती, मुलगी लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. लोक बंद पडलेले पंखे टाकून देतात ते हे घेऊन जायचे, दुरुस्त करायचे आणि पुढच्या शनिवारी स्वतःच्या दाराबाहेर ठेवून द्यायचे, वर पुठ्ठा लावून: 'चालू आहे'. विकत का नाही, असं आत्यांनी विचारलं होतं. ते म्हणाले, विकलेला पंखा बिघडला की गिऱ्हाईक भांडायला येतं. टाकलेला बिघडला तर कुणी काही म्हणत नाही.

दोघांनी रस्ता वाटून घेतला. ते वरच्या टोकाने सुरू करायचे, आत्या खालच्या. कापडाचं काही दिसलं की ते त्यावर वीट ठेवायचे, आत्यांसाठी. वायरचं काही दिसलं की आत्या ते भिंतीच्या आतल्या अंगाला सरकवायच्या. मध्यावर पाण्याच्या टाकीचा कट्टा होता, तिथे गाठ पडायची. त्यांना पंखेवाले म्हणायचा रिवाज आत्यांनीच सुरू केला. नाव कधी विचारलं नाही आणि घर कुठे हेही नाही. रस्त्यावरची ओळख रस्त्यावर, असं त्यांचं म्हणणं. त्यात तुटकपणा नव्हता. धुलाईत बरोबर काम करणाऱ्यांशीही त्या असंच वागायच्या.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. कट्ट्यावर दोघांनी आपापलं सामान मांडलं. आत्यांनी पडद्याच्या पितळी कड्या दाखवल्या, त्यांनी केस वाळवायचं यंत्र. बोलणं असं फारसं झालंच नाही. मी सून आहे हे कळल्यावर त्यांनी मला इतकंच विचारलं, "दंतवैद्य बरे आहेत?" मी म्हटलं, बरे आहेत, आणि व्याही? तर तेही त्यांना माहीत होते. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला, कुरकुर थांबेल, म्हणाले. घातली. थांबली.

मग एका शनिवारी ते कट्ट्यावर आले नाहीत. पुढच्याही नाही. आत्यांनी घरी आल्यावर सांगितलं आणि स्वतःच म्हणाल्या, गेले असतील मुलीकडे. पण भिंतीआड सरकवलेले दोन पंखे तसेच पडून राहिले आणि पालिकेच्या गाडीत गेले, हे त्यांना लागलं. आणखी काही शनिवार असेच गेले. तेव्हा एका सकाळी त्यांनी आपला निम्मा रस्ता सोडला आणि वरच्या टोकाला गेल्या. वाटणी झाल्यापासून तिकडे त्या कधी फिरकल्या नव्हत्या.

वह्या-पेनांच्या दुकानामागे एक गल्ली होती. तिथे एका बैठ्या खोलीबाहेर ढीग लागला होता. पंखे, पंख्यांची पाती, तारांची वेटोळी. आत्यांना वाटलं, सापडलं. दुरुस्त करून ठेवलेले दिसतात. पण एकावरही पुठ्ठा नव्हता. आणि ढिगात पकड होती, स्क्रू ड्रायव्हर होते, तार गुंडाळायचं हाताने फिरवायचं यंत्र होतं. एका पंख्याचं एक पातं निळं आणि दोन पांढरी होती. तो आत्यांनीच त्यांच्यासाठी सरकवून ठेवलेला होता. काम करणारा माणूस आपली हत्यारं कशी टाकेल, हे त्यांना कळेना.

एवढ्यात डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई आणखी एक खोकं घेऊन बाहेर आली. वयाने माझ्याएवढी. दमलेली होती आणि रडून झालेलं दिसत होतं. आत्या उभ्या आहेत हे बघून ती म्हणाली, हवं ते घ्या, गाडी यायच्या आत न्या म्हणजे झालं.

आत्यांनी विचारलं, "हे ज्यांचं आहे, ते आत आहेत का?"

ती म्हणाली, वडील आहेत, पण त्यांना आता काही विचारू नका, हे टाकायला मोठ्या मुश्किलीने तयार केलंय.

इतक्या वर्षांत आत्या कुणाच्याही फाटकाच्या आत गेल्या नव्हत्या, त्या घंटीच्या प्रसंगानंतर तर नाहीच. त्या दिवशी त्या गेल्या. खोली जवळजवळ रिकामी झालेली होती. भिंतींवर जिथे काही टांगलेलं होतं तिथे फिकट चौकोन राहिले होते. पंखेवाले खाटेवर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा. त्यांनी आत्यांना बघितलं आणि चेहरा वळवला. मग बोलले, पण जीभ जड झालेली होती, शब्द एकेक करून येत होते.

"ताई, आज माल चांगला आहे."

"बघितला," आत्या म्हणाल्या. "पण वर पुठ्ठा नाही दिसला."

"चालू नाही. म्हणून नाही."

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. तिने सांगितलं, ते घरात पडले, शेजाऱ्यांनी इस्पितळात नेलं, बरेच दिवस तिथे होते. उजव्या बाजूला जोर राहिलेला नाही, एकटे कसे ठेवायचे. माझं घर लहान, मुलं, सासू, त्यात हे सगळं कुठे मांडणार. ती कुणावर आरोप करत नव्हती. आत्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग त्या खाटेसमोर खाली बसल्या.

"पंखेवाले, एकच विचारते. टाकलंय की ठेवलंय?"

मुलगी काही म्हणणार होती, आत्यांनी नुसता हात वर केला. शेवटी पंखेवाल्यांनी मुलीकडे बघितलं, रागाने नाही.

"तिने टाकलंय," ते म्हणाले. "मी ठेवलंय."

मुलगी तिथेच उंबऱ्यावर बसली. आत्या तिला म्हणाल्या, जागा नाही हे तुझं खरंच आहे, माझ्याकडे एक पॅसेज आहे.

बाहेर आल्या तर गल्लीत हातगाडी उभी. तोच भंगारवाला, पण आता केस पिकलेले. तांब्याच्या तारेकडे बघत होता. आत्या धावल्या आणि त्यांनी ढिगावर दोन्ही हात ठेवले. तो म्हणाला, बाई, हात तुमचा तर माल तुमचा, आम्हालाही रीत कळते. पुन्हा वर, एवढं डोक्यावर नेणार का, असंही विचारलं. अशा रीतीने तो सगळा पसारा त्याच्याच गाडीवरून आमच्या दाराशी आला. मी दार उघडलं. नवरा बाहेर आला, बघितलं, आणि म्हणाला, "अगं आत्या, या वेळी कुणाचं आख्खं घरच उचललंस की काय?" त्या म्हणाल्या, "हो."

रात्रीचं जेवण झाल्यावर आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो. त्यांनी टोकं माझ्या हातात दिली, पण मागे सरकल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्याच इस्पितळात होते गं. वर कुठल्यातरी मजल्यावर. त्यांच्या अंगाखालच्या चादरी माझ्या हातून गेल्या असतील, आणि मला पत्ता नाही."

पॅसेज भरून गेला. मी पात्यांना अडखळले, नवऱ्याचा शर्ट तारेत अडकून फाटला, पाहुणे आडवे होऊन आत यायचे. आत्यांनी मुलीचा फोन नंबर घेऊन ठेवला होता, पण त्या फोन करेनात. दुसऱ्याच्या घरात आपण किती डोकवायचं, हा त्यांचा जुना प्रश्न. शेवटी मुलीनेच फोन केला. बाबा जेवत नाहीत धड, भिंतीकडे बघत बसतात. मधूनच विचारतात, ठेवलेलं नीट आहे ना. आत्या म्हणाल्या, स्वतः येऊन बघायला सांग. त्यावर तिने विचारलं, खरंच आणू?

तेव्हापासून शनिवारी सकाळी जावई कामावर जाताना त्यांना आमच्याकडे सोडायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. पॅसेजमध्ये एक फळी ठोकली, तिच्यासमोर दोन स्टुलं. हात काही परत आला नाही. पहिले काही शनिवार ते डाव्या हाताने प्रयत्न करत राहिले. तार सुटायची, स्क्रू घरंगळायचे, ते डोळे मिटून बसून राहायचे. पहिला दुरुस्त केलेला पंखा लावला तेव्हा आख्ख्या इमारतीचे दिवे गेले. शेवटी आत्यांनी त्यांच्या हातातून तारेचं टोक काढून घेतलं आणि विचारलं, किती वेढे घालू ते सांगा. ते सांगत गेले, त्या घालत गेल्या. चादरी घडी घालून घालून त्यांच्या बोटांना ताण बरोबर धरायची सवय होतीच, पण तार ही चादर नव्हे, ती चुकली की सगळी उसवावी लागते. दोघंही एकमेकांवर चिडायचे. मी आतून ऐकायचे: "घट्ट, ताई, घट्ट." "घट्टच आहे." "नाहीये." कपाटाच्या वेळी राहून गेलेलं भांडण ते असं पुरवून घेत होते.

शेजारच्या काकूंनी जिन्यात मला गाठलं आणि विचारलं, हे तुमचे कोण लागतात? आपल्या भाषेत सासऱ्याच्या साडूलाही शब्द सापडतो, पण मला एकही आठवेना. मी म्हटलं, आमचे पंखेवाले. काकूंचं समाधान झालं नाही. त्यांनी ते चारचौघींत चघळलं असावं, कारण नवऱ्याच्याही कानावर आलं. एका संध्याकाळी तो घसा खाकरत आत्यांना म्हणाला, तुझ्या मनात काही असेल तर आमची काही ना नाही. आत्या इतक्या हसल्या की मला पाणी आणावं लागलं. "आहे ना मनात," म्हणाल्या. "त्या टेबलफॅनचा रेग्युलेटर आहे मनात. दुसरं काही ठेवायला जागा नाही."

असं दोनेक वर्षं चाललं. दुरुस्त झालेले पंखे आमच्या फाटकाबाहेर जायचे. पुठ्ठ्यावरची अक्षरं ते डाव्या हाताने काढायचे, वेडीवाकडी, आणि कुणाला काढू द्यायचे नाहीत. पंखा ठेवला की दोघं खिडकीपाशी बसून कोण उचलतंय ते बघायचे. उचलणारा वर बघतोय असं वाटलं की लगेच पडदा सोडायचे.

ते गेले ते मुलीच्या घरी, सकाळी चहा पिऊन झाल्यावर. आम्हाला फोन आला तेव्हा आत्या कामावर होत्या. घरी आल्यावर मी सांगितलं. त्या दंतवैद्यांवर बसल्या आणि चपला तशाच पायात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. त्या शनिवारी रस्त्यावर गेल्या नाहीत. त्यानंतरच्या शनिवारी गेल्या.

पुढे काही दिवसांनी मुलगी आली. पॅसेजमधल्या फळीसमोर उभी राहून तिने एकेका वस्तूला हात लावला. म्हणाली, आई गेल्यावर बाबांनी हा भंगार गोळा करायचा नाद लावून घेतला, तेव्हा मला वाटायचं, माझ्याकडे यायला नको म्हणून खोली भरून टाकतायत. आत्यांनी तिला दुसरं स्टूल पुढे केलं आणि सांगितलं, हवं ते सगळं ने, मी नुसतं सांभाळलंय. तिने पकड घेतली. पकडीच्या मुठीला बाबांनी लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती. यंत्र मात्र इथेच राहू दे म्हणाली, घरी नेलं तर ते मुकं होईल. जाताना तिने विचारलं, शनिवारी कधीमधी आले तर चालेल का? आत्यांनी तिच्या हातात सुकलेल्या पलंगपोसाची दोन टोकं दिली.

आत्या आता धुलाईतून निवृत्त झाल्या आहेत. गुडघ्यांमुळे खालचा निम्मा रस्ताच करतात, तोही सावकाश. तारेचं वाइंडिंग त्यांना जमतं, पण पंखेवाल्यांच्या मानाने वेळ फार लागतो. सध्या फळीवर एका शाळेबाहेर सापडलेला जुना छताचा पंखा उघडून ठेवला आहे. फिरतो, पण उलटा. काल दिवसभर त्या त्याच्याकडे बघत होत्या. आज सकाळी मुलीला फोन करून विचारत होत्या, बाबा अशा वेळी आधी काय बघायचे, तुला आठवतंय का. तिला आठवत नव्हतं. दोघींनी मिळून अंदाज बांधला, आणि आत्या चष्मा लावून पुन्हा स्टुलावर बसल्या आहेत.